शंभर ऑक्टेनचं पेट्रोल नेमकं कुणाला?

कागलच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे:

‘घरात चार गाड्या आहेत. २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, सौ.ची २०१३ ची कार्बोरेटरवाली स्कूटर, वडिलांची १९९४ ची टू-स्ट्रोक चेतक आणि चिरंजीवांनी २०२४ मध्ये घेतलेली स्पोर्ट्स बाइक. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आल्यापासून कारचं ॲव्हरेज १८ वरून १६ वर आलं. स्कूटर दोन-तीन दिवस उभी राहिली की सकाळी स्टार्ट होत नाही आणि खाली पेट्रोलचा वास येतो. चेतक वडील बाजाराला काढतात, ती चढाला तापते आणि दम टाकते. पंपावरचा पोरगा दर वेळी “साहेब, ९५ टाकू का?” म्हणतो. मुलाचं म्हणणं, बाइकला १०० ऑक्टेनच पाहिजे. न्यू जर्सीचा पुतण्या सांगतो, आम्ही इथे ८७ टाकतो, तुमचं ९५ म्हणजे चैन आहे. एका मित्राने ऑक्टेन बूस्टरची बाटली दिली आहे. कोणत्या गाडीत काय टाकू? आणि पंपावर काय मिळतंय ते कसं ओळखू?’

आधी स्कूटरचं बघा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. वास येतोय म्हणजे कुठून तरी गळतंय, आणि कार्बोरेटरपासून सायलेन्सर फार लांब नसतो. दुरुस्त होईपर्यंत ती जिन्याखाली किंवा बंद शेडमध्ये ठेवू नका. उघड्यावर लावा आणि वास येत असताना स्टार्टर मारून बघू नका.

या स्कूटरमध्ये संशयाच्या जागा तीन. पहिली, कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलमधली, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीतली, नीडल. तिच्या टोकाला रबर असतं. इथेनॉलने ते फुगतं, किंवा टाकीतून सुटलेला गंजाचा कण तिच्या सीटवर अडकतो. मग बाउल भरल्यावरही पेट्रोल थांबत नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकत राहतं. दुसरी, बाउलची ओ-रिंग. जुनी ओ-रिंग एकदा काढली की फुगलेली असल्यामुळे परत खाचेत बसत नाही, आणि मग मेकॅनिक गॅस्केट पेस्ट लावून वेळ मारून नेतो. पेट्रोलला न टिकणारी पेस्ट असेल तर ती सुटते आणि तिचे तुकडे जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, जातात. तिसरी जागा ऑटो कॉक, टाकीतलं पेट्रोल आपोआप चालू-बंद करणारा. या कॉकला हाताने बंद करायची चावी नसते, इंजिन चालू झाल्यावर तयार होणाऱ्या व्हॅक्यूमने तो उघडतो. आतला पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्यूमच्या बारीक नळीतून थेट इंजिनात उतरतं आणि सकाळी प्लग ओला मिळतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड आणि बंद असताना कार्बोरेटरला येणारा पेट्रोलचा पाइप काढून बाटलीत धरा. एक थेंबही येता कामा नये. आला तर कॉक गेला. मग बारीक व्हॅक्यूम नळी काढून बघा. ती आतून ओली असेल तरी कॉकच बदलायचा. दोन्ही ठीक असेल तर नीडल किंवा ओ-रिंग.

मेकॅनिकला ‘कार्बोरेटर साफ कर’ एवढंच म्हणालात तर तो हवा मारून देईल आणि पंधरा दिवसांत तुम्ही परत त्याच्या दारात उभे असाल. ‘नीडल-सीट, ओ-रिंग आणि पेट्रोल पाइप नवा, कॉक तपासून’ असं सांगा. पाइप घेताना काळा आहे म्हणून चालेल असं नाही. इथेनॉलला टिकणाऱ्या फ्युएल होजवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं. जुन्या पाइपचा तुकडा मापाला न्या, आतला व्यास जमला पाहिजे. गॅरेजमध्ये सर्रास लावतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊ नका. ती काही महिन्यांत पिवळी पडते, कडक होते आणि टोकाला चिरते.

यापुढे स्कूटर आठवडाभर उभी राहणार असेल तर बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल बाटलीत काढून ठेवा. बाउलमधला हलका भाग उडून जातो, उरतं ते लवकर पेटत नाही. त्यात इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, म्हणून थंडीत चोकशिवाय भागत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात ऑक्टेन आणि इथेनॉल या दोन गोष्टी एकमेकांत गुंतल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, तापतं. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाला पसरत जाते. ती पोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपणहून पेटलं की धातूवर धातू आपटल्यासारखी टकटक ऐकू येते. यालाच गाडी नॉक करते असं म्हणतात. अशा अवेळी पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, एवढंच ऑक्टेनचा आकडा सांगतो. इंजिनचं कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचं प्रमाण) जितकं जास्त, तितका हा आकडा जास्त लागतो. जे इंजिन ९१ वर नॉक करत नाही, त्याला १०० टाकून पिकअपही वाढत नाही आणि ॲव्हरेजही. नॉक सेन्सर असलेलं इंजिन कमी ऑक्टेनवर ठिणगी थोडी मागे ढकलून स्वतःला सांभाळतं, त्यात थोडी ताकद जाते. अशा गाडीला जास्त ऑक्टेनने ती परत मिळते, पण गेली असेल तरच.

तुमची कार नॉक करते का, हे आंबा घाटात कळेल. चार माणसं बसवून, खिडक्या उघड्या ठेवून, कठड्याच्या बाजूने चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा आणि ऐका. इंजिनचे फेरे अगदी पडलेले असताना येणारी टकटक मोजू नका. तिथे गिअर उतरवणं हाच इलाज आहे. फेरे बरे असतानाही आवाज येत असेल तर मग ऑक्टेनचा, किंवा पिस्टनवर साठलेल्या कार्बनचा विचार करायचा.

आपल्याकडे साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्यामुळे २० टक्के मिसळल्यावर साध्या नोझलमधून येणारं ई-२० आता ९५ चं आहे, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात म्हटलं आहे. मग पंपावरचा पोरगा जे ‘९५’ विकतो, त्यात वेगळं काय? मुख्यतः इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह साफ ठेवणारी रसायनं. ती वाईट नाहीत. पण ९५ लिहिलंय म्हणजे त्यात इथेनॉल नाही, हा समज काढून टाका. मशिनवरचं स्टिकर वाचा, नाहीतर खाली दिलेली चाचणी करा.

खर्चाचं गणित एकदा मांडूच. तुमची कार महिन्याला १००० किलोमीटर चालते, ॲव्हरेज १६, साधं पेट्रोल १०४ रुपये, ९५ वालं ११२ रुपये धरू. साध्याचे ६५०० रुपये होतात, ९५ वाल्याचे ७०००. हे ५०० रुपये वसूल व्हायचे तर ॲव्हरेज १७.२ वर जायला हवं, आणि नुसत्या रसायनांनी ते होत नाही. इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेन १६५ रुपये धरलं आणि ॲव्हरेज अगदी ७ टक्क्यांनी सुधारलं असं मानलं, तरी बिल साडेनऊ हजारांच्या वर जातं. दर महिन्याला तीन हजार जास्त घालून कारचं रबर वाचवण्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी रबर बदललेलं स्वस्त पडतं.

आता १८ चं १६ कसं झालं ते पाहू. हा हिशेब नीट करा, कारण सगळा दोष इथेनॉलवर टाकून लोक खरा बिघाड अंगावर काढतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजे २० टक्के मिसळल्यावर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत पावणेसात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली आहे, तर ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्यांना १ ते २ टक्के. पण तुम्ही निव्वळ पेट्रोलवरून इथे आलेला नाही. जून २०२२ मध्येच देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली होती. दहावरून वीसवर येताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट व्हायला हवी, म्हणजे १८ चं १७.४. अगदी सगळे ७ टक्के धरले तरी १६.७. तुम्ही ११ टक्के घट सांगताय. उरलेली दुसरीकडे शोधायची आहे.

आधी मोजणी पक्की करा. डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या. एकाच पंपाच्या एकाच नोझलवर पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान ३०० किलोमीटर चालवा, परत तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. असं तीन टाक्या करा. एका टाकीवरून निष्कर्ष काढलात तर कटच्या आधी-नंतर गेलेलं लिटरभर पेट्रोल तुम्हाला फसवेल.

मग टायरची हवा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे आणि गार टायरमध्ये. एअर फिल्टर. प्लगचा गॅप. वीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. पुढच्या दोनपैकी एक लक्षात येण्याइतकं जास्त गरम असेल तर त्याचा ब्रेक कॅलिपर धरतोय. दहा वर्षांच्या गाडीत हे नेहमी सापडतं.

शेवटी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून घ्या. यातच इथेनॉलचा खरा माग लागतो. पेट्रोल पुरतं जळायला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला १४.१, ई-२० ला १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ई-२० जास्त लागतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. स्कॅनरवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ म्हणून जो आकडा दिसतो तो हाच. इथेनॉलमुळे तो ३-४ टक्के वर गेला तर ते बरोबरच आहे. तो अधिक १० च्या वर असेल, किंवा पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी) हा कोड येत असेल, तर पेट्रोल फिल्टर चोक आहे, पंपाचा दाब कमी आहे किंवा कुठून तरी हवा ओढली जातेय. आणि आकडा उणेमध्ये बराच खाली असेल, तर सेन्सर आळशी झालाय का, इंजेक्टर गळतोय का ते पाहायचं. इथेनॉल टाकीतला जुना गाळ आणि गंज सोडवतं, म्हणून ई-२० सुरू झाल्यावर एकदा फिल्टर बदलणं शहाणपणाचं. काही मॉडेलमध्ये तो टाकीत पंपाबरोबरच असतो, खर्च थोडा जास्त येतो.

तुमच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत असं लिहिलेलं असेल, तर चॅसिस नंबर देऊन कंपनीला ईमेल करा आणि ‘ई-२० चालेल का, कोणते भाग बदलावेत’ याचं लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तराला अर्थ नाही. मंत्रालयाच्या म्हणण्याप्रमाणे काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात आणि विम्यावर ई-२० चा परिणाम होत नाही. दर सर्व्हिसिंगला बॉनेटखालच्या होजचे सांधे दाबून बघायला सांगा. फुगलेले, चिकट, घाम आल्यासारखे ओले दिसले की बदला. टाकीकडून पंपाचा सूं-सूं आवाज वाढला तर दुर्लक्ष करू नका. पंपावर निव्वळ पेट्रोलचा वेगळा पर्याय हवा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. तेव्हा कारमध्ये साधं ई-२० टाका आणि पैसे फिल्टर-होजवर खर्च करा.

चिरंजीवांचं काम सोपं आहे. २०२४ ची बाइक आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० ला टिकणारे आहेत, टाकीच्या झाकणाजवळ तसं स्टिकर सापडेल. मॅन्युअलमध्ये इंधनाच्या पानावर ‘किमान ९१’ किंवा ‘किमान ९५’ असेल तर साधं ई-२० पुरतं. परदेशातून आलेल्या काही मोठ्या बाइकना ९७-९८ मागितलेलं असतं, तिथे १०० ला अर्थ आहे. बाकी मित्रांमध्ये पावती दाखवायची हौस असेल तर ती त्याच्या पॉकेटमनीतून. १०० टाकल्याने इंजिनचं नुकसान मात्र काही होत नाही, आणि साध्यात मिसळलं तरी चालतं.

पुतण्याचं ८७ आणि आपलं ९५ यांची तुलनाच होत नाही. आपण रिसर्च ऑक्टेनचा आकडा छापतो, अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन चाचण्यांच्या आकड्यांची सरासरी छापतात. तिथलं ८७ म्हणजे आपल्या मोजणीत ९१-९२, तिथलं ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. शिवाय त्याच्या पंपावरही बहुतेक ई-१० च असतं. ई-१५ तिथे २००१ आणि नंतरच्या गाड्यांनाच चालतं, मोटरसायकलला टाकायची परवानगी नाही. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२५ पासून ई-३० आहे, पण तिथली इंजिनं कित्येक वर्षांपासून त्याच हिशेबाने बनतात.

राहिली चेतक. तिला आम्ही महागातलं पेट्रोल सुचवतोय, पण ऑक्टेनसाठी नव्हे. १९९४ मध्ये ती शिशाच्या ८७-८८ ऑक्टेनवर धावत होती, तिचं कॉम्प्रेशन बेताचं आहे. अडचण अशी की कार्बोरेटरला सेन्सर नसतो. जेटमधून जेवढं पेट्रोल यायचं तेवढंच येतं, मग ते निव्वळ असो की ई-२०. त्यामुळे निव्वळ पेट्रोलला जुळवलेलं इंजिन ई-२० वर गरजेपेक्षा साधारण ८ टक्के कमी इंधनावर चालतं. फोर-स्ट्रोकला हे थोडंफार खपतं. टू-स्ट्रोकमध्ये मात्र इंधन कमी पडलं की उष्णता जास्त होते. चढाला तापून दम टाकणं ही पिस्टन धरण्याच्या (सिलिंडरमध्ये अडकण्याच्या) आधीची पायरी आहे.

पण आधी इथेनॉलशी संबंध नसलेल्या तीन गोष्टी बघा. सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण जागेवर आहे का, पंख्याची हवा त्यातूनच सिलिंडरवर जाते. कुणीतरी ‘नुसताच खडखडतो’ म्हणून ते काढून टाकलेलं असतं. सायलेन्सर कार्बनने भरला आहे का? आणि क्रँकचे ऑइल सील. तीस वर्षांत ते दगडासारखे होतात, तिथून हवा ओढली जाते आणि मिश्रणातलं पेट्रोल आणखी कमी पडतं. सील गेलेलं असेल तर आयडलिंगला फेरे आपोआप वर-खाली होतात आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन लवकर खाली येत नाही.

हे झाल्यावर दोन वाटा. वडील महिन्याला पाचेक लिटरच जाळत असतील तर इथेनॉल नसलेलं १०० ऑक्टेन आणा. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होती. जवळच्या कोणत्या पंपावर मिळतं ते विचारून घ्या. पाच लिटरमागे तीनशे रुपये जास्त जातील, ते एका रिबोअरपुढे (सिलिंडर नव्याने कोरून घेण्यापुढे) काहीच नाहीत. निम्मं साधं आणि निम्मं हे, असं मिसळलं तरी इथेनॉल दहा टक्क्यांवर येतं. दुसरी वाट जेटची. मेन जेटवर आकडा कोरलेला असतो. तो आकडा मिलिमीटरचे शतांश असतील, तर ११० च्या जागी ११५ ने छिद्राचं क्षेत्रफळ साधारण ९ टक्के वाढतं. एवढंच हवं आहे, त्यापुढे जाऊ नका. त्यानंतर दहा किलोमीटर चालवून प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी ठीक, पांढराफटक म्हणजे अजून पेट्रोल कमी पडतंय.

ऑइल लिटरला २० मिली, म्हणजे पाच लिटरला १००, आणि तेवढंच. तापतेय म्हणून ऑइल वाढवण्याची चूक फार जण करतात. ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की जेटमधून येणारं पेट्रोल आणखी कमी होतं. मिश्रण कॅनमध्ये हलवून मगच टाकीत ओता.

चेतकच्या टाकीचं झाकण आणि त्याचं वॉशर पावसाळ्याआधी बघा. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, पण बंद टाकीत हवेतून येणारं पाणी लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी असतं. खरं पाणी येतं ते झाकणातून, गाडी धुताना, किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून. ई-१० च्या एका लिटरमध्ये साधारण ५ मिली पाणी विरघळतं, ई-२० मध्ये थोडं जास्त. त्यापुढे पाणी गेलं, किंवा रात्री गारठा पडला, की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं. इंजिन नेमकं तळातलंच ओढतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो. महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी पूर्ण रिकामी करा किंवा काठोकाठ भरा. अर्धी ठेवली की वरच्या पत्र्याला गंज चढतो.

पंपावर काय मिळतंय ते ओळखण्याची चाचणी घरी होते. १०० मिलीचा मोजनळा घ्या, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. अंगणात, विडी-काडी लांब ठेवून, त्यात ५० मिली पाणी घ्या आणि निळ्या शाईचा एक थेंब टाका. वरून बरोबर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून मिनिटभर हलवा, मध्ये एकदा बूच सैल करून वाफ जाऊ द्या. दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा निळा थर वाढतो. तो ५० वरच राहिला तर इथेनॉल नाही, ५५ च्या आसपास गेला तर १० टक्के, ६० च्या जवळ तर २०. मिलीभर इकडे-तिकडे चालतं. तुमचं महागाचं १०० खरंच इथेनॉलविरहित आहे का, हे याच चाचणीने कळेल. उरलेलं मोरीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला द्या.

पंपावर फिल्टर पेपर, घनता मोजायचं साधन आणि ५ लिटरचं प्रमाणित माप मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं, त्यापुढे वैधमापन विभागाकडे तक्रार करा. घनता टँकरच्या चलनावरच्या नोंदीशी १५ अंश तापमानाच्या हिशेबाने जुळवतात, घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक असेल तर विचारा. इथेनॉल किती, हे मात्र घनतेवरून कळत नाही. ते पंपवाला मिसळतही नाही, डेपोतच मिसळून टँकर येतो. तुमच्याकडे घरोघरी साखर कारखान्याचे सभासद आहेत म्हणून सांगतो, ते उसाचंच असतं असंही नाही, मक्याचं पुष्कळ येतं, आणि गाडीला त्याने फरक पडत नाही. पावसाळ्यात टँकर रिकामा होत असेल तर पुढच्या पंपावर जा. पेट्रोल भरून एक-दोन किलोमीटरवर गाडी अडखळून बंद पडली तर सेल मारत बसू नका. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून वीस मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर बाटली आणि बिल घेऊन त्याच पंपावर परत जा, त्याच दिवशी.

मित्राची बूस्टरची बाटली कोणत्याच गाडीत ओतू नका. तुमच्या गाड्यांना ऑक्टेन कमी नाही, आणि फेरोसीन असलेल्या बूस्टरमुळे प्लगच्या चिनीमातीवर लालसर लोखंडी थर बसतो. तो वीज वाहून नेतो, ठिणगी चुकते आणि मिसफायर सुरू होतो. ‘इथेनॉल काढून टाकणारं’ म्हणून जे विकतात ते फार तर गंज रोखतं. तळाला बसलेलं पाणी आणि इथेनॉल परत पेट्रोलात मिसळवणारी बाटली मिळत नाही. तिथे टाकी उतरवून, धुऊन, फिल्टर बदलूनच पुढे जावं लागतं.